कागदावर नाव कोणाचे?

बुद्ध पौर्णिमेचा कार्यक्रम आटोपला होता. खिरीची पातेली घासायला गेली होती आणि आम्ही विहारातल्या सतरंज्या गुंडाळीत होतो. तेवढ्यात आमचे दाजी जवळ येऊन बसले. दाजी म्हणजे आमच्या धाकट्या बहिणीचे यजमान. गवंडीकाम करतात. हिंगोलीत गेल्या वीस वर्षांत जी घरे उभी राहिली, त्यांतल्या कितीतरी भिंतींवर त्यांची थापी फिरलेली आहे. माणूस मोजके बोलणारा. म्हणाले, "भाऊ, आता तुम्हीच पोरीला समजावून सांगा. भरतीचा फॉर्म भरायचा सोडून ही मुंबईला उंदराचा मेंदू बघायला जायचं म्हणते."

भाची नांदेडहून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची लेखी परीक्षा ती पास झाली आणि पुढच्या महिन्यात मुलाखतीला बोलावणे आले. निवड झाली तर पीएच.डी.ची पाच-सहा वर्षे. विद्यावेतन मिळते, केंद्राच्या २०२३ च्या दराने सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये. हे ऐकून दाजी थोडे नरमले होते. पण पुढे काय, हा त्यांचा प्रश्न कायम होता. कारकुनाची जागा ही त्यांना डोळ्यांसमोर दिसते, कारण ती जागा म्हणजे आम्ही. सकाळी डबा घेऊन जाणारा, संध्याकाळी परत येणारा, महिन्याच्या एक तारखेला पगार होणारा माणूस त्यांनी पाहिला आहे. उंदराचा मेंदू पाहणारा माणूस आमच्या वस्तीत आजवर कोणी पाहिलेला नाही.

भाची हट्टाने सांगत होती, की त्या संस्थेत शुभा टोळे म्हणून एक मोठ्या शास्त्रज्ञ आहेत, त्यांचे काम वाचूनच तिला हे वेड लागले. त्यावर दाजींनी असा प्रश्न टाकला की आम्ही सतरंजी हातातच धरून राहिलो.

"मोठ्या म्हणती. कशावरून मोठ्या? कुणी मोजलं?"

बांधकामात भिंत सरळ की वाकडी हे ओळंब्याने कळते. मेंदूच्या शास्त्रज्ञाला ओळंबा कोणता लावायचा? आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. आम्हाला उत्तर आले नाही. "आठ दिवस द्या, दाजी," एवढेच म्हणालो. ते आठ दिवस भाची रोज संध्याकाळी आमच्याकडे आली आणि आम्ही या वयात विद्यार्थी झालो. जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो. चूक राहिली असेल तर ती विद्यार्थ्याची, शिकवणारीची नव्हे.

डॉ. शुभा टोळे यांचा जन्म १९६७ सालचा, मुंबईचा. शिक्षण सेंट झेवियर्स महाविद्यालयात, पीएच.डी. अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेतून, त्यानंतरचे संशोधन शिकागो विद्यापीठात डॉ. एलिझाबेथ ग्रोव्ह यांच्याकडे. १९९९ मध्ये त्या मुंबईला परत आल्या आणि टाटा संस्थेत स्वतःची प्रयोगशाळा उभी केली. २०१० चे भटनागर पारितोषिक आणि २०१४ चे इन्फोसिस पारितोषिक त्यांना मिळाले. कथकही नाचतात म्हणे. वडील एका सरकारी संशोधन संस्थेचे संचालक होते, आई ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या आणि कर्करोग्यांसाठी कृत्रिम अवयव तयार करीत. म्हणजे संशोधन हा शब्द त्यांच्या घरात पाहुणा नव्हता. हे आम्ही त्यांचे मोठेपण कमी करण्यासाठी लिहीत नाही. आमच्या भाचीला कुठून निघायचे आहे, तेवढे ध्यानात यावे म्हणून लिहितो.

आता काम. आपल्या मेंदूत दोन्ही बाजूंना, कानांच्या आतल्या अंगाला, हिप्पोकॅम्पस नावाचा एक वळलेला भाग असतो. समुद्रघोड्यासारखा दिसतो म्हणून ते ग्रीक नाव पडले. तो कशासाठी, हे जगाला नीट कळले ते एका दुर्दैवी माणसामुळे. १९५३ साली अमेरिकेत हार्टफोर्ड येथे अपस्माराच्या एका रुग्णाच्या मेंदूतून हा भाग बराचसा, दोन्ही बाजूंचा, काढून टाकण्यात आला. फिट कमी झाल्या, पण त्या दिवसापासून त्याला नवे काहीच आठवेना. जुन्या गोष्टी ठाऊक, बोलणे-चालणे ठीक. मात्र तासाभरापूर्वी भेटलेला माणूस परत आला तरी तो त्याला नवाच. डॉ. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. १९५७ साली त्यांचा व शल्यविशारद स्कोव्हिल यांचा लेख प्रसिद्ध झाला. शास्त्रात त्याला 'एच. एम.' म्हणत. हेन्री मोलेसन हे पूर्ण नाव २००८ मध्ये तो वारल्यानंतरच जगाला कळले. ज्याच्यावर मेंदूशास्त्राचा एवढा डोलारा उभा राहिला, त्याला स्वतःला त्यातले काहीच आठवत नव्हते!

(जाता जाता एक गोष्ट. आपल्या भाषेत स्मृती हा एकच शब्द दोन कामे करतो. एक स्मृती १९२७ साली महाडला जाळावी लागली. दुसरी, सम्यक स्मृती, तथागतांनी अष्टांगिक मार्गात सांगितली. भाचीचा अभ्यास या दुसरीच्या जवळचा आहे, असे आम्ही मानतो.)

हा हिप्पोकॅम्पस गर्भात तयार कसा होतो, हा टोळे यांचा प्रश्न. गर्भाच्या वाढत्या मेंदूच्या कडेला पेशींची एक पट्टी असते. इंग्रजीत तिला जे नाव आहे त्याचा अर्थ काठ, लुगड्याचा काठ असतो तसा. शिकागोत ग्रोव्ह, टोळे आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये 'डेव्हलपमेंट' या नियतकालिकात या काठाची ओळख पटवली होती. पण तो काठ करतो काय? २००८ च्या जानेवारीत 'सायन्स' मध्ये मुंबईचे आणि कॅलिफोर्नियातील डॉ. एडविन मोनुकी यांच्याकडचे असे मिळून एक लेख आला. त्यांनी दाखवले, की हा काठ शेजारच्या पेशींना हुकूम देतो, 'तुम्ही हिप्पोकॅम्पस व्हा'. आणि एल-एच-एक्स-२ नावाचे एक जनुक उरलेल्या पेशींना काठ होण्यापासून आवरून धरते. उंदराच्या गर्भात जिथे जिथे ठिपक्याठिपक्यांनी ते जनुक काढून टाकले, तिथे तिथे नवा काठ झाला आणि प्रत्येक काठाच्या शेजारी आणखी एक हिप्पोकॅम्पस उगवू लागला. एका जागी असायचा तो चार जागी! पहिल्यांदा ऐकले तेव्हा आम्ही भाचीला तीन वेळा सांगायला लावले. शेवटी तिने आमच्या सौभाग्यवतीच्या लुगड्याचा काठ धरून दाखवला, तेव्हा उजेड पडला.

हे झाले काम. पण दाजींचा प्रश्न मोजण्याचा होता.

भाचीने सांगितले, की शास्त्रज्ञ लेख लिहितो तेव्हा आधीच्या ज्या ज्या लेखांचा त्याने आधार घेतला त्यांची यादी शेवटी देतो. तुमचा लेख पुढच्या किती जणांनी आपल्या यादीत घेतला, यावरून तुमचे वजन. हे ऐकून आम्हाला हसू आले. अहो, हे तर आम्ही रोज करतो! कोणत्याही सरकारी पत्राच्या डोक्यावर विषयाखाली काय असते? 'संदर्भ : आपले पत्र क्रमांक अमुक, दिनांक तमुक.' ज्या पत्राचा संदर्भ पुढच्या वीस पत्रांत येतो, ते पत्र महत्त्वाचे. ज्याचा संदर्भ कोणीच देत नाही ते फायलीत पडून राहते आणि एक दिवस वाळवी त्याचा निकाल लावते. बाबासाहेबांसारख्या बॅरिस्टरालाही हे नवे नव्हते. कोर्टात जुना निवाडा दाखवल्याशिवाय वकिलाचे पान हलत नाही. अमेरिकेत १८७३ पासून वकिलांसाठी अशी पुस्तके निघत, की कोणत्या निवाड्याचा आधार पुढच्या कोणत्या खटल्यात घेतला गेला. त्यावरूनच यूजीन गारफिल्ड नावाच्या गृहस्थांना सुचले, की विज्ञानाच्या लेखांचीही अशी वही का नसावी? १९६४ पासून त्यांची 'सायन्स सायटेशन इंडेक्स' नियमित निघू लागली. कोणते नियतकालिक किती उद्धृत होते याचे मापही त्यांनीच रूढ केले. ग्रंथालयांना कोणती नियतकालिके घ्यावीत हे कळावे, हा त्यामागचा एक हेतू. पुढे लोक त्याच फुटपट्टीने माणसे मोजू लागले.

२००५ साली हिर्श नावाच्या पदार्थशास्त्रज्ञाने माणसे मोजण्याची आणखी एक युक्ती काढली. एखाद्याचे दहा लेख असे आहेत, की प्रत्येकाचा संदर्भ निदान दहा वेळा आला, तर त्याचा निर्देशांक दहा. तीस लेख तीस-तीस वेळा, तर तीस. आम्हा बी.कॉम.वाल्यांना ही रीत आवडली. एकच बिल मोठे फाडून दुकान चालत नाही, रोजचे गिऱ्हाईक लागते, तसा हा हिशेब.

पण आठ दिवसांत आमचा उत्साह उतरलाही. याचे कारण भाचीनेच सांगितलेला एक आकडा. २०१४ साली 'नेचर' ने जगातले सर्वाधिक उद्धृत झालेले लेख काढले. पहिला आला तो ऑलिव्हर लॉवरी यांचा १९५१ चा लेख, तीन लाखांहून अधिक संदर्भ. त्यात काय शोध होता? द्रावणात प्रथिन किती आहे हे मोजण्याची एक रीत! जगभरच्या प्रयोगशाळांना ती रोज लागे म्हणून रोज संदर्भ. उपयोगाचे काम होते, यात शंका नाही. पण बांधकामात सर्वांत जास्त वेळा नाव निघते ते ओळंब्याचे, म्हणून ओळंब्याने घर बांधले असे कोणी म्हणत नाही. मेंदूच्या वाढीवर काम करणारे जगात मोजके. कर्करोगावर काम करणारे अफाट. मोजक्यांच्या गल्लीत शंभर संदर्भ आणि अफाटांच्या बाजारात शंभर संदर्भ एकाच तराजूत कसे घालायचे?

दुसरे असे, की संदर्भ माणसेच देतात, आणि माणसे पंगतीत बसतात. वाढपी ओळखीचा असला की शेवटच्या पानावरही जिलेबी येते. जे एकमेकांना परिषदांत भेटतात, एकाच गुरूकडे शिकलेले असतात, त्यांना एकमेकांची नावे चटकन आठवतात. काहीजण तर स्वतःचाच संदर्भ पुनःपुन्हा देऊन आकडा फुगवतात. या अनर्थाला कंटाळून २०१२ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत जीवशास्त्रज्ञांच्या अधिवेशनाच्या वेळी एक जाहीरनामाच तयार झाला, की माणसाची निवड किंवा बढती नियतकालिकाच्या आकड्यावरून करू नका, त्याचे काम वाचा. काम वाचा! केवढी साधी गोष्ट, आणि तिच्यासाठी जाहीरनामा काढावा लागला.

पंगतीची गोष्ट आपल्याला कोणी शिकवायला नको. १९१६ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी' मध्ये छापून आला. जातीची उत्पत्ती, तिचे यंत्र, तिचा प्रसार यांची त्यात मांडणी आहे. त्यानंतर या देशात जातीवर ग्रंथांचा पाऊस पडला. त्यांतल्या किती विद्वानांनी शेवटच्या यादीत या निबंधाचे नाव घेतले, हे कोणीतरी एकदा मोजून छापावे. आम्ही बी.कॉम.ला असताना चलन आणि बँकिंग शिकलो, तेव्हा १९२३ च्या 'रुपयाचा प्रश्न' या त्यांच्या ग्रंथाचे नाव आमच्या हातातल्या क्रमिक पुस्तकात नव्हते. ते आम्हाला वस्तीतल्या वाचनालयात कळले. जुन्या काळी गावच्या शिवेचा वाद निघाला की महाराची साक्ष अखेरची मानत. शीव तो चालून दाखवी. दप्तर मात्र कुलकर्ण्याच्या घरी.

या सगळ्यात आम्हाला सर्वांत भावली ती वेगळीच गोष्ट. जीवशास्त्रातल्या लेखावर नावांचा एक क्रम असतो. ज्याने हाताने प्रयोग केले, रात्री जागवल्या, त्याचे नाव पहिले. प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे शेवटी. २००८ च्या त्या लेखावर शुभा टोळे आणि मोनुकी ही नावे अगदी शेवटी आहेत. सर्वांत पहिले नाव आहे विशाखा मंगळे. हा लेख जगात कोठेही उद्धृत झाला की 'मंगळे आणि इतर, २००८' असाच होतो.

वाचकहो, हे वाचून आम्ही काही वेळ गप्प झालो. फार वर्षांमागे, एका कार्यालयात असताना, आम्ही दलित वस्त्यांच्या पाणीपुरवठ्यावर एक टिप्पणी तयार केली होती. रविवारी सायकलवर फिरून हातपंप मोजले, कोणता चालू, कोणता बंद, कोणत्या वस्तीतल्या बायका किती लांब जातात. टिप्पणी वर गेली, नावाजली गेली. तिच्यावर आमचे नाव नव्हते. खाली सही साहेबांची आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत आमच्या नावाची आद्याक्षरे, टंकलेखक म्हणून. पुढच्या पत्रांत तिचा संदर्भ अनेकदा आला. हातपंप पुढे दुरुस्त झाले, हा आनंद खरा. पण ती आद्याक्षरे अजून डोळ्यांपुढून जात नाहीत.

सगळीकडे मंगळे-टोळे यांच्यासारखे घडतेच असे नाही. काठ शेजाऱ्याला हुकूम देतो ही कल्पनाच मुळी बेडकासारख्या एका प्राण्याच्या गर्भावरील प्रयोगांतून आली. ते प्रयोग जर्मनीत हिल्डे मॅनगोल्ड या विद्यार्थिनीने आपल्या पीएच.डी.साठी केले. १९२४ साली लेख निघाला, त्यावर तिच्या गुरूंचे, स्पेमन यांचे नाव पहिले, हिचे दुसरे. त्याच वर्षी घरात स्टोव्हच्या भडक्यात भाजून ती गेली. १९३५ चे नोबेल स्पेमन यांना एकट्यांना मिळाले. आणि आता तर आमच्याच जिल्ह्यात लायगो येते आहे, औंढ्याजवळ, २०२३ साली केंद्राने २,६०० कोटी मंजूर केले. गुरुत्वीय लहरी सापडल्याचा लायगोचा २०१६ चा लेख पाहिला तर त्यावर हजाराच्या आसपास नावे! कोणाचे किती, हे वाटायला तलाठीही पुरणार नाही.

एक कडू गोष्ट आम्ही भाचीपासून लपवली नाही. केंद्रीय शिक्षणसंस्थांतील अध्यापकपदांच्या आरक्षणाचा कायदा २०१९ साली झाला. पण त्याला एक परिशिष्ट आहे. त्यात ज्या संस्थांची नावे आहेत तिथे तो आरक्षणाचा नियम लागू नाही. त्या यादीत टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे आणि हरियाणातल्या मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रही आहे. म्हणजे शिकून ती तिथेच प्राध्यापक व्हायला निघाली, तर कायद्याचा हात पाठीवर नसेल. फक्त तिचे लेख आणि त्यांचे संदर्भ. वरच्या विज्ञानसंस्थांत आपली माणसे किती तुरळक आहेत, हे २०२३ मध्ये 'नेचर' ने आकड्यांनिशी छापले आहे. भाची म्हणाली, "मामा, मला माहीत आहे." एवढेच. आम्हाला वाटले होते ती बिचकेल.

आठव्या दिवशी दाजींकडे गेलो. बहीण भाकरी थापत होती. आम्ही जमेल तसे सांगितले. ओळंब्याचे त्यांना पटले. पंगतीचे तर सांगायच्या आधीच समजले. म्हणाले, "म्हणजे मोजमाप आहे, पण मोजणाऱ्याची नजर पाहिजे." मग बराच वेळ तंबाखू मळत बसले आणि मुलीकडे न पाहता विचारले, "अन् कामून गं, त्या पहिल्या नावात बापाचं नाव असतं का?"

भाचीने मोबाईलवर तो लेख उघडला आणि विशाखा व मंगळे यांच्या मधले एक इंग्रजी अक्षर बोटाने मोठे करून दाखवले. "एक अक्षर असतं, बाबा. बहुतेक वडिलांच्याच नावाचं."

दाजींनी चष्मा लावून ते पाहिले. एका अक्षराला कोणी एवढा वेळ पाहताना आम्ही पाहिले नव्हते. बहीण चुलीपासून म्हणाली, "आईचं काहीच नाही का त्यात?" त्याला कोणाकडेच उत्तर नव्हते.

शेवटी ठरले ते असे. फॉर्मही भरायचा, त्याचे पैसे दाजी देणार, आणि मुलाखतीलाही जायचे. दाजींचा एक स्लॅब त्याच आठवड्यात पडायचा आहे, त्यांना काम सोडता येत नाही. म्हणून सोबत आम्ही जाणार. दोन दिवसांच्या किरकोळ रजेचा अर्ज दिला आहे. बहिणीने वाटेसाठी शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवली आहे आणि भाची रोज संध्याकाळी अजून येते. काल तिने आम्हालाच प्रश्न विचारायला बसवले. आम्ही विचारला, "काठ काढून टाकला तर काय होईल?" ती म्हणाली, "मामा, हे तर शिकागोच्या त्याच लेखात आहे. ज्या उंदरांत काठ बिघडलेला होता त्यांच्यात हिप्पोकॅम्पस नीट झालाच नाही. दुसरा विचारा."